सारखं ‘खातं पुन्हा जोडा’ का येतं? एका रिफ्रेश टोकनाचं प्रकरण

ऑर्डर सांभाळणारं एक वेब अ‍ॅप आपल्या ग्राहकांची बिलं एका बाहेरच्या हिशेब-सेवेत एपीआयमार्फत, म्हणजे दोन प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या वाटेने, पाठवतं. ग्राहक सुरुवातीला एकदाच ‘खातं जोडा’ हे बटण दाबतो, हिशेब-सेवेच्या पानावर लॉगिन करून परवानगी देतो आणि पुढे बिलं आपोआप जात राहतात. हे बराच काळ विनातक्रार चाललं. मग काही ग्राहकांच्या स्क्रीनवर ‘तुमचं खातं जोडलेलं नाही, पुन्हा जोडा’ अशी पट्टी यायला लागली. पुन्हा जोडलं की काम सुरू, काही दिवसांनी परत तेच. त्रास सगळ्यांना नव्हता. ज्यांची बिलं भरपूर त्यांनाच होता. दिवसाला एखाद-दुसरं बिल पाठवणाऱ्यांपैकी कुणाचीच तक्रार नव्हती.

मी या प्रकरणात आलो तोवर नेहमीचे उपाय करून झाले होते. सपोर्टने ग्राहकांना विचारलं होतं: पासवर्ड बदललात का, कुणी परवानगी काढून घेतली का? डेव्हलपरांनी क्लायंट सीक्रेट, म्हणजे सेवेला अ‍ॅपची ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाळ, नवं तयार करून टाकलं होतं. सीक्रेट बदलून काही होणार नव्हतं. ते का होणार नव्हतं हे एकदा नीट लक्षात आलं की निम्मा तपास तिथेच आटोपतो.

ओऑथ २.० मध्ये, म्हणजे ग्राहकाचा पासवर्ड न घेता अ‍ॅपला त्याच्या खात्यात काम करू देणाऱ्या मानक पद्धतीत, अ‍ॅपचं बोलणं दोन वेगळ्या पत्त्यांशी चालतं. एक पत्ता टोकन देणारा: तिथे अ‍ॅप आपली ओळख आणि ग्राहकाचं रिफ्रेश टोकन (नवं टोकन मागायची चिठ्ठी) दाखवून ताजं अ‍ॅक्सेस टोकन (थोड्या वेळाची प्रवेशचिठ्ठी) घेतं. दुसरा पत्ता खऱ्या कामाचा: तिथे ते अ‍ॅक्सेस टोकन हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीत) घालून बिल पाठवायचं. बिघाड दोन्हींकडे होऊ शकतो, पण त्यांची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. या अ‍ॅपमध्ये मधे एक तयार लायब्ररी बसली होती. दोन्हीकडच्या चुका ती एकाच पिशवीत भरायची आणि लॉगमध्ये एकच ओळ उमटायची: ‘ऑथेंटिकेशन फेल्ड, ४०१’, म्हणजे ओळख पटली नाही. नेमकी कोणती विनंती फसली, समोरून शब्दशः काय उत्तर आलं, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं. टोकनाच्या पत्त्याकडून प्रत्यक्षात ४०० (विनंतीच चुकीची) आलेलं असलं तरी लायब्ररी ते ४०१ करून दाखवायची. अशा लॉगवर भरवसा ठेवून तर्क लढवायचे म्हणजे अंधारात तीर मारणं.

म्हणून पहिलं काम कोड दुरुस्तीचं नव्हतंच, लॉग बोलका करण्याचं होतं. प्रत्येक विनंतीमागे कोणता पत्ता, स्टेटस किती, उत्तरातला एररचा कोड आणि वर्णन, वेळ यूटीसीमध्ये मिलिसेकंदांसकट, कोणत्या वर्करने (पार्श्वभूमीत बिलं पाठवणाऱ्या प्रोसेसने) विनंती केली आणि समोरच्या सेवेने हेडरमध्ये दिलेला रिक्वेस्ट आयडी, एवढं नोंदवायचं. टोकन मात्र लॉगमध्ये कधीच लिहायचं नाही. त्याऐवजी टोकनाचा शा-२५६ हॅश (जिच्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही अशी अक्षरमाळ) काढून त्याची पहिली ८ अक्षरं ठशासारखी लिहायची. दोन ओळींमधलं टोकन एकच आहे की वेगळं, हे त्या ठशावरून कळतं आणि लॉग कुणाच्या हाती पडला तरी टोकन हाती पडत नाही. पुढचा सगळा तपास या ठशांवर उभा राहिला.

बोलका लॉग प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर, गेल्यावर पहिल्याच दिवशी चित्र निवळलं. बहुतेक चुका टोकनाच्या पत्त्यावरच्या होत्या आणि कोड एकच होता: ‘इनव्हॅलिड ग्रँट’.

इथे सीक्रेटचा प्रश्न मिटतो. सीक्रेट चुकीचं असतं तर कोड ‘इनव्हॅलिड क्लायंट’ आला असता आणि तोही एकजात सगळ्या ग्राहकांसाठी, कारण सीक्रेट अख्ख्या अ‍ॅपचं एकच असतं. काही ग्राहकांचं चालतं आणि काहींचं नाही, एवढ्यावरूनच तो संशयित सुटतो. परवानगीची व्याप्ती अपुरी असती तर टोकन मिळालं असतं आणि बिल पाठवताना ४०३ (परवानगी नाही) आला असता. रीडायरेक्टचा, म्हणजे परवानगीनंतर ग्राहकाला परत पाठवायचा, पत्ता नोंदणीशी जुळत नसता तर खातं जोडतानाच अडलं असतं. मशीनचं घड्याळ पुढेमागे असतं तर सही केलेल्या जेडब्ल्यूटी प्रकारच्या टोकनांवर चालणाऱ्या सेवांमध्ये गोंधळ झाला असता, कारण तिथे टोकनातच जारी झाल्याची आणि संपण्याची वेळ कोरलेली असते. इथे टोकन नुसती अपारदर्शक अक्षरमाळ होती आणि घड्याळं तर बरोबरच होती.

‘इनव्हॅलिड ग्रँट’ मात्र मोठं फसवं नाव आहे. ओऑथ २.० चं मूळ मानक म्हणजे इंटरनेटच्या मानकांच्या आरएफसी दस्तऐवजांपैकी ऑक्टोबर २०१२ मधलं आरएफसी ६७४९. त्यात या एका कोडखाली बरंच काही कोंबलंय: टोकन किंवा ऑथरायझेशन कोड (परवानगी दिल्यावर अ‍ॅपला मिळणारा कोड) अवैध आहे, मुदत संपलीय, रद्द केलाय, रीडायरेक्टचा पत्ता आधीच्या विनंतीतल्या पत्त्याशी जुळत नाही, किंवा तो दुसऱ्याच क्लायंटला दिलेला होता. सेवेने वर्णनाच्या रकान्यात खुलासा केला तर ठीक, पण ते बंधनकारक नाही. या सेवेचं वर्णन होतं ‘टोकन इज नॉट व्हॅलिड’. म्हणजे कोडनेच सांगितलेलं पुन्हा एकदा.

डेव्हलपरांचा पहिला अंदाज ग्राहकाने परवानगी काढून घेतल्याचा होता. कोड वाचून तोच सुचतो, आणि अ‍ॅपचा कोडही तेच धरून लिहिलेला होता: ‘इनव्हॅलिड ग्रँट’ आलं की ग्राहकाची टोकनं डेटाबेसमधून पुसायची आणि पट्टी दाखवायची. पण फक्त जास्त बिलं असणारे ग्राहकच तेवढे परवानग्या काढत सुटलेत, हे कुणाला पटेल?

ठसे लावून एका त्रस्त ग्राहकाच्या ओळी काढल्या तेव्हा हे दिसलं:

१०:००:००.११२ – वर्कर ३ – रिफ्रेश, ठसा ४१७०९२३८ – २००
१०:००:००.१५४ – वर्कर ५ – रिफ्रेश, ठसा ४१७०९२३८ – ४००, इनव्हॅलिड ग्रँट
१०:००:०९.६४० – वर्कर ३ – बिल पाठवणं – ४०१

पहिल्या दोन ओळींत ठसा एकच आहे आणि मधलं अंतर ४२ मिलिसेकंदांचं. दोन वर्करांनी एकच रिफ्रेश टोकन जवळजवळ एकाच क्षणी वापरलं. पहिल्याला २००, म्हणजे होकार, आणि दोन्ही टोकनांची नवी जोडी मिळाली, दुसऱ्याला नकार. तिसरी ओळ तर त्याहून बोलकी आहे: वर्कर ३ ला ज्या अ‍ॅक्सेस टोकनावर तासभर काम करायला हवं होतं, ते दहा सेकंदांच्या आतच मेलं.

याचा उलगडा सेवेच्या नियमात आहे. ही सेवा रिफ्रेश टोकन फिरतं ठेवते: एकदा वापरलं की ते बाद आणि उत्तरात नवं. नवं रिफ्रेश टोकन आलं तर क्लायंटने जुनं टाकून नवं ठेवावं, हे आरएफसी ६७४९ मध्येच आहे. बाद झालेलं टोकन पुन्हा कुणी आणलं, तर सेवेच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच: टोकन दोघांच्या हातात आहे आणि त्यातला एक चोर असू शकतो. चोर कोण हे सेवेला ओळखता येत नाही, म्हणून ती त्या परवानगीतून निघालेली चालू टोकनंही रद्द करते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरएफसी ९७००, म्हणजे ओऑथच्या सुरक्षेच्या मार्गदर्शनातही हाच तर्क मांडलाय. सेवा चोख वागत होती. चोर मात्र आपलाच दुसरा वर्कर होता.

मग फक्त मोठेच ग्राहक का? बिलं पाठवणारं काम दर तासाला, बरोबर ठोक्यावर सुरू व्हायचं. अ‍ॅक्सेस टोकनाचं आयुष्य ३,६०० सेकंद. दहाच्या फेरीत घेतलेलं टोकन अकराच्या फेरीला नेमकं संपलेलं असणार. म्हणजे प्रत्येक फेरीची सुरुवात रिफ्रेशने होणार हे ठरलेलंच. ग्राहकाचं एकच बिल असेल तर ते एकाच वर्करकडे जातं आणि रिफ्रेशही एकच होतो. क्यूमध्ये पंचवीस बिलं असली की ती सगळ्या वर्करांत वाटली जातात. सगळे एकाच वेळी डेटाबेस बघतात, सगळ्यांना टोकन संपलेलं दिसतं आणि सगळे धावतात. कधी एखादा थोडा मागे राहतो, त्याला नवं टोकन दिसतं आणि ती फेरी निभावते. बिघाड रोज न होता अधूनमधून का व्हायचा, तेही यातच आलं.

‘आधी का होत नव्हतं’ याचं उत्तर डिप्लॉयच्या, म्हणजे सर्व्हरवर बदल चढवल्याच्या, इतिहासात मिळालं. बिलं उशिरा जातात म्हणून वर्करांची संख्या एकावरून वाढवली होती. तक्रारी त्यानंतरच्या. डेव्हलपरच्या मशीनवर वर्कर एकच चालायचा, त्यामुळे तिथे हे कधी दिसणार नव्हतं.

एका ग्राहकाचं दुखणं मात्र या नमुन्यात बसत नव्हतं. त्याला रिफ्रेश व्यवस्थित मिळायचा, पण बिलाला दरवेळी, न चुकता ४०१. अधूनमधून होणारा बिघाड आणि दरवेळी होणारा बिघाड यांची सहसा एक आई नसते, म्हणून त्याला बाजूला काढलं. उत्तरातलं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर पाहिलं तर त्यात नुसतं ‘बेअरर’ होतं, एररचा कोड नव्हता. बेअरर टोकनाच्या मानकाप्रमाणे, म्हणजे आरएफसी ६७५० प्रमाणे, टोकन आलं पण खराब निघालं तर ‘इनव्हॅलिड टोकन’ हा कोड अपेक्षित असतो; विनंतीत ओळखीची काहीच माहिती नसेल तर कोड देऊ नये असं आहे. याचा अर्थ टोकन समोर पोचलंच नव्हतं. या ग्राहकाचा डेटा सेवेच्या दुसऱ्या प्रदेशातल्या सर्व्हरवर होता. मुख्य पत्ता ३०७ (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’) देऊन तिकडे पाठवायचा आणि होस्ट बदलला म्हणून एचटीटीपी लायब्ररी ऑथरायझेशन हेडर काढून टाकायची. लायब्ररीचं हे वागणं योग्यच आहे, नाहीतर कोणताही रीडायरेक्ट आपलं टोकन परक्या सर्व्हरला देऊन टाकेल. एचटीटीपी विनंत्या पाठवणाऱ्या कर्ल या साधनानेही जानेवारी २०१८ मध्ये, ७.५८.० या आवृत्तीपासून, हेच सुरू केलं. उपाय सोपा: खातं जोडताना सेवा त्या खात्याचा खरा पत्ता कळवत होतीच, तो साठवून विनंती थेट तिथे पाठवली. पुष्कळ जण अशा वेळी लायब्ररीचं हेडर काढणंच बंद करायचा पर्याय शोधतात. तो मुळीच वापरू नये.

आता मुख्य दुरुस्तीकडे. कुणीतरी सुचवलं की ‘इनव्हॅलिड ग्रँट’ आलं तर दोनदा-तीनदा पुन्हा प्रयत्न करावा. हा उपाय आगीत तेल ओतणारा आहे: प्रत्येक पुनर्प्रयत्नात तेच बाद टोकन पुन्हा सेवेपुढे जातं आणि तिचा चोरीचा संशय पक्का होतो. दुसरी सूचना वर्कर पुन्हा एकावर आणायची होती. त्याने बिघाड थांबला असता आणि बिलं परत उशिरा गेली असती.

खरा मुद्दा असा की कोडमध्ये रिफ्रेश टोकनाला सेटिंगसारखं वागवलं होतं: एकदा लिहिलं, मग हवं तेव्हा वाचलं. फिरतं रिफ्रेश टोकन प्रत्येक वापराला बदलतं आणि अनेकांच्या हातात असतं. बँकेच्या शिलकीवर दोन प्रक्रिया एकाच वेळी लिहू लागल्या तर आपण जी काळजी घेतो, तीच याला लागते.

टीमने टोकनांच्या टेबलमधल्या ओळीवर लॉक घ्यायचं ठरवलं. वर्करला टोकन संपलेलं दिसलं की तो ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने त्या ग्राहकाची ओळ लॉक करतो. लॉक मिळाल्यावर ओळ पुन्हा वाचतो. ही दुसऱ्यांदा वाचण्याची पायरी गाळली तर लॉक असून नसल्यासारखा, कारण रांगेत थांबलेला वर्कर हातातलं जुनंच टोकन घेऊन पुढे जाईल. वाचल्यावर टोकन ताजं दिसलं तर लॉक सोडून कामाला लागायचं. जुनंच दिसलं तरच रिफ्रेश मागायचा, आलेली जोडी लिहायची, कमिट (बदल पक्का) करायचं आणि मगच ते अ‍ॅक्सेस टोकन वापरायचं. आधी वापर आणि नंतर लिहिणं असा क्रम ठेवला आणि मधेच प्रोसेस मेली, तर नवं रिफ्रेश टोकन तिच्याबरोबर गेलं.

डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन (लॉक धरून चाललेला व्यवहार) उघडं ठेवून नेटवर्कवर जाणं ही चांगली सवय नाही, यावर टीममध्ये बराच खल झाला. रेडिस या मेमरीतल्या डेटासाठ्यात मुदतीचा लॉक ठेवावा, असं काहींचं म्हणणं होतं. पण सेवेचं उत्तर यायच्या आधी लॉकची मुदत संपली तर दुसरा वर्कर आत शिरतो आणि आपण होतो तिथेच परत. माझं मत ओळीच्या लॉकच्या बाजूने पडलं. टेबल वेगळं आहे, एका ग्राहकामागे रिफ्रेश तासाला एकदा होतो आणि नेटवर्क विनंतीला १० सेकंदांची मर्यादा घातलीय. एवढ्या वेळासाठी एक ओळ अडकून राहिली तर बिघडत नाही. हजारो ग्राहकांचे रिफ्रेश एकाच क्षणी येत असते तर डेटाबेसची कनेक्शनं अडकून पडली असती आणि मी दुसरं काही सुचवलं असतं.

एक बारीक खड्डा मात्र तिथे होता. वाचण्यासाठी डेटाबेसची रेप्लिका, म्हणजे प्रत, वापरली जायची आणि ती मूळ डेटाबेसच्या किंचित मागे असते. साधं वाचन रेप्लिकेवरून झालं तर फार तर वर्कर विनाकारण लॉक मागेल, पण लॉकनंतरचं वाचन मूळ डेटाबेसवरूनच व्हायला हवं. कोडमध्ये तेवढं सक्तीचं केलं. शिवाय मुदत संपेपर्यंत वाट न पाहता ५ मिनिटं आधी, आणि प्रत्येक ग्राहकासाठी थोड्या वेगळ्या क्षणी, रिफ्रेश करायला सुरुवात केली. ठोक्यावरची झुंबड त्याने मोडली. लॉक नसता तर नुसत्या या युक्तीने बिघाड फक्त विरळ झाला असता, आणि विरळ बिघाड शोधायला जास्त जड जातो.

चुकांची वागणूकही वेगळी केली. टाइमआउट किंवा ५०० च्या घरातली चूक आली तर थांबून पुन्हा प्रयत्न, ग्राहकाला काही सांगायचं नाही. ‘इनव्हॅलिड क्लायंट’ आलं तर टीमला इशारा, कारण ती ग्राहकाने सोडवण्याची गोष्ट नाही. बिलाला ४०१ आला तर एकदाच रिफ्रेश आणि एकदाच पुन्हा प्रयत्न. ४०३ ला रिफ्रेश करायचाच नाही. लॉकखाली असताना ‘इनव्हॅलिड ग्रँट’ आलं तरच पट्टी, आणि तेव्हाही ओळ पुसायची नाही, फक्त खूण करायची. पुसलेल्या ओळीतून तपासाला काही मिळत नाही.

एक फट तरीही राहते. सेवेने नवी जोडी दिली आणि उत्तर वाटेत हरवलं, तर सेवेच्या लेखी जुनं टोकन वापरलं गेलेलं असतं आणि आपल्याकडे नवं आलेलं नसतं. काही सेवा अशा वेळेसाठी जुनं टोकन थोडा वेळ चालवून घेतात. ही सेवा घेत नाही. तेव्हा त्या ग्राहकाला पुन्हा जोडावं लागणार, आणि यावर लॉक काहीच करू शकत नाही.

चाचणीसाठी एक छोटा खोटा टोकन सर्व्हर लिहिला: प्रत्येक रिफ्रेश टोकन एकदाच स्वीकारायचं, दुसऱ्यांदा आलं की सगळी टोकनं रद्द. डेटाबेसमधली मुदत हाताने मागे सरकवली आणि सगळे वर्कर एकाच इशाऱ्यावर सोडले. जुना कोड पहिल्याच फेरीत कोसळला. नव्या कोडमध्ये खोट्या सर्व्हरला एकच रिफ्रेश दिसला, बाकीचे वर्कर लॉकपाशी थांबून ताजं टोकन घेऊन गेले.

डिप्लॉयनंतर तक्रारी जवळजवळ थांबल्या. जवळजवळच. मधूनच दोन-चार ग्राहकांची खाती एकदम सुटायची आणि त्यांच्या लॉगमध्ये वेगळंच कोडं होतं: ‘इनव्हॅलिड ग्रँट’ आलेल्या रिफ्रेश टोकनाचा ठसा आधी कुठेच वापरलेला दिसत नव्हता. टोकन मिळालं, डेटाबेसमध्ये बसलं आणि पहिल्याच वापराला बाद. आपल्या लॉगमध्ये वापर नाही आणि सेवा म्हणते वापरलंय, म्हणजे वापरणारा लॉगच्या बाहेरचा. रिक्वेस्ट आयडी आणि वेळा देऊन सेवेच्या सपोर्टला विचारलं की या परवानगीवर त्या सुमारास दुसरीकडून विनंती आली होती का. त्यांनी आयपी पत्ता कळवला. तो स्टेजिंग, म्हणजे चाचणीच्या, सर्व्हरचा होता.

चाचणीसाठी खरा डेटा हवा म्हणून मधूनमधून प्रॉडक्शनचा डेटाबेस स्टेजिंगवर उतरवला जायचा. त्यासोबत ग्राहकांची जिवंत रिफ्रेश टोकनंही जायची आणि क्लायंट आयडी-सीक्रेट दोन्हीकडे एकच होतं. स्टेजिंगवर कुणी बिलांचं काम चालवून पाहिलं की तिथला वर्कर टोकन फिरवायचा आणि प्रॉडक्शनच्या हातात मेलेलं टोकन उरायचं. वेगवेगळ्या डेटाबेसमधल्या दोन प्रतींमध्ये कोणताही लॉक आड येत नाही.

स्टेजिंगसाठी सेवेकडे वेगळ्या क्लायंटची नोंदणी केली. टोकनांचे रकाने एन्क्रिप्ट केले आणि किल्ली प्रत्येक ठिकाणी वेगळी ठेवली, म्हणजे प्रॉडक्शनची प्रत स्टेजिंगवर गेली तरी तिथे टोकन उलगडत नाही. प्रत उतरवणाऱ्या स्क्रिप्टमध्येही आता टोकनांचं टेबल रिकामं करणारी ओळ आहे. त्या बदलानंतर स्टेजिंगच्या वर्करला पहिल्या फेरीत एकाही ग्राहकाचं टोकन सापडलं नाही आणि बिलांची चाचणी अडली, म्हणून सेवेने डेव्हलपरांसाठी ठेवलेलं नमुना खातं स्टेजिंगला जोडून दिलं.